भिंतीच्या आधी फरशी बघा

पितृपक्ष सरत आला की शहरातले झाडून सगळे पेंटर फोन उचलेनासे होतात. दसऱ्याला काम धरायचं आणि दिवाळीच्या आत उरकायचं, हा निम्म्या महाराष्ट्राचा ठरलेला बेत. मधे मिळतात जेमतेम वीस दिवस, आणि तेही अशा वेळी की चार महिने पाणी पिऊन बसलेल्या बाहेरच्या भिंती अजून धड वाळलेल्या नसतात. अशा भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला की ओल आतच कोंडते, मग फुगे येतात, मग पापुद्रे. जाणता पेंटर हे तोंडावर सांगतो. ‘ताई, भिंतीला थोडं ऊन खाऊ द्या, माघात करू.’ पण माघात घर बघायला कोण येतं? रंग फराळाला येणाऱ्यांसाठी असतो, आपण ते उघड बोलत नाही इतकंच.

भाचीचा फोन याच धामधुमीत आला. तिने वाकडला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. हॉल पश्चिमेचा, बिल्डरने फासलेला पांढरा हात लावला की हाताला लागणारा.

“मावशी, हॉलला ग्रे करू की सेज ग्रीन?”

“फरशी कुठली आहे?”

“अगं, मी रंगाचं विचारतेय.”

“मीपण रंगाचंच विचारतेय.”

फरशी तीच, जी नव्या फ्लॅटमध्ये हमखास असते: दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड, साय धरल्यासारखी पिवळट पांढरी. ती बदलायची नाही, कारण त्यात पैसा आणि धुरळा दोन्ही अतोनात. म्हणजे घरातला सगळ्यात मोठा रंग आधीच ठरलेला आहे, आणि तो पिवळट आहे. त्याच्या शेजारी राखाडी भिंत उभी केली की दोघांचं भांडण लागतं. राखाडी निळसर-जांभळट दिसायला लागतो आणि फरशी कितीही पुसली तरी मळकी वाटते. यात दोष ना रंगाचा ना फरशीचा. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात एकोणिसाव्या शतकात हीच तक्रार होती. तिथल्या विणकाम करणाऱ्यांचं म्हणणं, काळा धागा नीट काळा येत नाही. रंगाई खात्याचे प्रमुख होते मिशेल-युजीन शेव्रल, मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी धागे तपासले तर रंगात काही खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला की तोच काळा फिका दिसत होता. त्यावर त्यांनी १८३९मध्ये जाडजूड ग्रंथच लिहिला. कुठलाही रंग एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो, हे त्यांनी पद्धतशीर मांडून दाखवलं. आपल्या साडीच्या दुकानातल्या गादीवर बसलेल्या माणसाला ते आधीपासून ठाऊक असतं. म्हणून तर तो ब्लाउजपीस साडीवर टाकून दाखवतो, हातात धरून नाही.

तर भाचीला मी यादी करायला लावली, हलणार नाहीत अशा गोष्टींची. फरशी, ओट्याचा काळा ग्रॅनाइट, त्याच्या मागच्या टाइल्स, दारांचं सागवानी लॅमिनेट, सासरहून आलेलं शिसवी कपाट. मग पडदे आणि सोफ्याचं कापड. हे रंगाच्या आधी ठरवायचं, नंतर नाही. पडद्याचं मनाजोगतं कापड दुकानं पालथी घातल्यावर एखादं सापडतं. रंगाच्या छटा मात्र शेड कार्डात हजाराच्या वर आहेत आणि मशीन हवी ती पाच मिनिटांत मिसळून देतं. जी वस्तू दुर्मिळ ती आधी घ्यावी. लोक नेमकं उलटं करतात. भिंत रंगवून मोकळे होतात आणि मग तिला शोभेल असा पडदा शोधत लक्ष्मी रोडवर फिरतात.

शेड कार्डाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा, तोही दुकानातल्या पांढऱ्याफेक ट्यूबखाली बघायचा आणि त्यावरून तीनशे चौरस फूट भिंत ठरवायची. कार्डावर सौम्य वाटलेला पिस्ता चार भिंतींवर चढला की एकमेकींवर आपटून दुप्पट हिरवा होतो. मोबाइलमधल्या ॲपचीही तीच गत. भाचीने पाठवलेल्या चित्रात तिचा हॉल स्वित्झर्लंडमध्ये असल्यासारखा उजळला होता. त्यापेक्षा छोटा डबा आणावा, दोन बाय दोनच्या जाड पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात मारावेत, कडेने बोटभर पांढरी पट्टी सोडावी म्हणजे जुन्या भिंतीचा रंग मधे लुडबुडत नाही. मग तो पुठ्ठा सकाळी एका भिंतीला, दुपारी दुसऱ्या, रात्री दिवा लावून तिसऱ्या भिंतीला टेकवून बघावा. आणि वाळल्यावरच बघावा. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळलं की गडद होतं. चुन्याचं उलट: ओला असताना भिंत पारदर्शक, काही मारलंच नाही असं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी पांढरीशुभ्र.

पुठ्ठा फिरवल्यावर भाचीला कळलं की तिच्याकडे एक हॉल नसून तीन आहेत. सकाळी निवांत, थंड. चार ते सहा पश्चिमेचं ऊन आत घुसतं तेव्हा सेज ग्रीनचा चिखल होतो. आणि रात्रीचा तिसराच, कारण छताला बिल्डरने लावलेले एलईडी ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढरे. खोक्यावर बारीक अक्षरात हा आकडा लिहिलेला असतो, कुणी वाचत नाही. ३००० केल्विनचा दिवा लावला तर तीच भिंत ऊबदार होते. मी म्हणेन, रंगाच्या आधी दिवे बदला. निम्म्या लोकांना मग रंग बदलायची गरजही वाटणार नाही, पण हे पेंटरसमोर बोलू नये.

उजेडाच्या बाबतीत आणखी एक. हल्ली सगळा सल्ला परदेशी मासिकांतून येतो आणि त्यात एक वाक्य पक्कं असतं: उत्तरेच्या खोलीत ऊन येत नाही, ती गारठलेली असते, म्हणून तिला पिवळा-पीच असे ऊबदार रंग द्या. लंडनला खरं असेल. आपल्याकडे मेच्या मध्यात सूर्य पुणे-मुंबईच्या बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस, आणि तिथून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेलाच असतो. एरवीही उत्तरेची खोली म्हणजे घरातली सगळ्यात सुखाची जागा. उन्हाळ्यात सगळे तिथेच येऊन आडवे होतात. तिला कशाला ऊब द्यायची? तिथे खुशाल आकाशी द्यावा, मोतिया द्यावा, शेवाळी द्यावा. गरज असलीच तर ती पश्चिमेच्या खोलीला शांत करण्याची आहे. शिवाय टॉवर एकमेकांच्या इतके अंगावर आलेत की समोरच्या सोसायटीने भिंत विटकरी केली की तुमची दुधी बेडरूम दुपारी गुलाबी होते. त्याची तक्रार कुणाकडे करणार?

आमच्या लहानपणी रंग निवडणं हा प्रकार फारसा नव्हताच. चाळीत भिंतीला चुना, त्यात सरस आणि चिमूटभर नीळ. निळीने पांढऱ्यातला पिवळेपणा मरतो, कपड्यांना घालतात त्याच कारणाने. खाली कमरेच्या वर जाईल एवढा ऑइल पेंटचा पट्टा, बहुधा हिरवा किंवा चॉकलेटी. शाळेत, दवाखान्यात, पोलीस चौकीतही तोच. आज तो पट्टा बघून लोक नाक मुरडतात, पण त्यामागचं कारण बघायचं असेल तर कुठल्याही जुन्या घरात कॉटमागची भिंत बघा. पाठ टेकून बसणाऱ्या माणसाचं डोकं जिथे लागतं तिथे खोबरेलाचा ताटलीएवढा गोल डाग असतो, मधे गडद, कडेला विरत गेलेला. शेजारी स्विचबोर्डाभोवती बोटांची काळसर झालर. मॅट रंगावर हे डाग घासायला गेलं की डागाच्या जागी चकचकीत चट्टा उरतो. ऑइल पेंट ओल्या फडक्याने पुसला की झालं. पुढे डिस्टेंपर आलं, पिस्ता-गुलाबी-आकाशी आले, आणि डब्यावरचा तो खोडकर गट्टूही. गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये १९४२ साली सुरू झालेल्या एशियन पेंट्ससाठी आर. के. लक्ष्मण यांनी तो १९५४मध्ये काढला होता. रिकाम्या डब्यात आमच्याकडे तुळस लावायचे, त्यामुळे कुंडीवर कायम ब्रश घेतलेलं ते पोरगं.

आता हायलाइट वॉल. पेंटर तिला हायलाइटच म्हणतात आणि टीव्हीमागची एक भिंत डार्क घ्या, वर टेक्स्चर मारा, असा आग्रह धरतात, कारण टेक्स्चरचा दर वेगळा लागतो. भाचीच्या डोक्यात तिथे गडद मोरपंखी होता, त्यावर सोनेरी हरणाचं मुंडकं, खाली पितळी घंगाळात वाळकं गवत, कोपऱ्यात बुद्धाचा मोठा चेहरा. मी तिला पैठणी काढायला लावली. अख्खं अंग एका रंगाचं असतं, काठ वेगळा, आणि बोलायचं काम एकटा पदर करतो. काठ, अंग आणि पदर सगळ्यांनीच बोलायचं ठरवलं तर ती साडी नेसणारीला कोण बघेल? इंटिरियरवाले याचंच साठ-तीस-दहा करून फी लावतात. तिच्या हॉलमध्ये पदर आधीच भरपूर होते, हे तिने मोजलं नव्हतं: कालनिर्णय, लाल-हिरव्या दिव्यांचा राउटर, पाण्याचा प्युरिफायर, सासूबाईंचा देव्हारा, मुलाची पदकं, दारामागच्या पिशव्या. भिंतीने त्यात तोंड घालू नये. हरणाला मी सरळ नकार दिला. बुद्धाबद्दल एवढंच म्हणाले की त्याला चपलांच्या रॅकवर तरी ठेवू नकोस.

थोडक्या रंगात काय होतं ते बघायचं तर कोकणात किंवा गोव्यात कावी काम केलेल्या देवळाची भिंत बघावी. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. दोनच रंग, त्यात वेली, मोर, देव, हत्ती सगळे मावतात. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये घरं पिवळी, निळी, कावेच्या रंगाची; लोक त्या रंगाचे फोटो काढतात, पण त्या घरांना उठाव देते ती खिडक्या-दारांभोवतीची पांढरी पट्टी. ती झाकून बघा, नुसता पिवळा ठोकळा उरेल.

भाचीच्या हॉलला शेवटी मोतियाच्या जवळचा, किंचित पिवळ्याकडे झुकणारा पांढरा लागला, फरशीशी सलोखा करणारा. पडदे आमसुली. मॅट फिनिश घ्यावा असा मी हट्ट धरला, कारण नव्या इमारतींचा गिलावा सरळ नसतो आणि चकचकीत रंग त्याचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. त्यावर पेंटरमामांनी होल्डरला लावलेला बल्ब भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा फिरवून दाखवला. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवर टेकड्या आणि दऱ्या उगवल्या. ‘बघा ताई, हा सगळा सह्याद्री लांबी भरून घासायचाय,’ म्हणाले. पैसे लांबीत घालावेत, घासण्यात घालावेत. महागडा डबा वाकड्या भिंतीला सरळ करत नाही. डोकी टेकतात त्या भिंतीला मात्र धुता येईल असाच घेतला, मॅटचा हट्ट तिथे सोडून.

गडद रंगाची तिची हौस आम्ही बेडरूमकडे जाणाऱ्या बोळात भागवली. तिथे खिडकी नाही. अशा जागेला लोक ‘उजेड येईल’ म्हणून पांढरा देतात. पण परतवायला मुळात उजेडच नसेल तर पांढरा काय परतवणार, तो नुसता राखट दिसतो. तिथे छतापर्यंत डाळिंबी मारला आणि एक पिवळा दिवा टांगला. सासूबाई आधी ‘अगंबाई, लालभडक!’ म्हणाल्या, मग तिथेच आपल्या आईचा जुना फोटो लावून मोकळ्या झाल्या.

कार्पेटच्या तिप्पट-साडेतीनपट भिंत धरायची हा पेंटरांचा हिशेब, त्यात थोडा रंग उरतोच. उरलेला डाळिंबी घट्ट झाकण लावून ठेवायचा, झाकणावर मशीनचा कोड आणि कुठल्या भिंतीचा ते मार्करने लिहायचं, कारण कपाट सरकवताना ओरखडा पडणार आणि तेव्हा दुकानातून नव्याने मिसळून आणलेला कधीच तंतोतंत जुळत नाही. डबा माळ्यावर ठेव म्हटलं तर तिच्या फ्लॅटला माळाच नाही. सध्या तो वॉशिंग मशीनच्या मागे आहे.