खटके वर का, खाली का?



आमच्या वस्त्यांतील अनेक मुले-मुली दूरसंचार, रेल्वे, वीज उपकेंद्रे अशा ठिकाणी कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून कामाला जातात. तेथे जुन्या मोडेमच्या किंवा कन्व्हर्टरच्या पाठीमागे चिमुकल्या पांढऱ्या खटक्यांची ओळ असते. त्यांना डिप स्विच म्हणतात. वरिष्ठ हातात चिठ्ठी देतो : ‘चौथा वर, बाकी सगळे खाली. जास्त विचारायचे नाही.’ पाठ करायचे, अर्थ विचारायचा नाही, ही रीत आमच्या समाजाला चांगली ठाऊक आहे! म्हणून या चिठ्ठीचा अर्थ आम्ही येथेच सांगून टाकतो.

आपल्याकडे चालणाऱ्या ई-१ लाइनवरून सेकंदाला २०४८ किलोबिट माहिती जाते. तिचे ३२ समान कप्पे, प्रत्येक ६४ किलोबिटचा. पहिला, म्हणजे शून्य क्रमांकाचा कप्पा, दोन्ही टोकांचा मेळ राखण्यासाठी असतो. टेलिफोनच्या लाइनवर सोळा क्रमांकाचा कप्पा सिग्नलिंगसाठी जातो. बोलण्यासाठी उरतात ३०. ग्राहकाला यांतले किती कप्पे द्यायचे, ते खटके ठरवतात.

कसे? धान्याच्या दुकानात १, २, ४, ८ आणि १६ किलोची पाचच वजने आहेत असे समजा. त्यांतून १ पासून ३१ किलोपर्यंत कोणतेही पूर्ण वजन तोलता येते. पुष्कळ यंत्रांत पाच खटके म्हणजे हीच पाच वजने. ५१२ किलोबिट हवे, तर भागिले ६४, म्हणजे ८ कप्पे. आठाचे वजन चौथे, म्हणून चौथा वर! ३८४ हवे, तर ६ कप्पे. दुसरा आणि तिसरा वर. एवढेच ते गूढ! बाजारहाट करणाऱ्या आमच्या माता-भगिनींना ते दोन मिनिटांत समजेल.

मात्र काही यंत्रांत क्रम उलटा असतो, काहींत प्रत्येक कप्प्याला वेगळा खटका असतो. यंत्राचे माहितीपुस्तक मागून घ्यावे. मागायला लाजू नये. केसपुत्त गावी कालामांना उपदेश करताना भगवान बुद्धांनी, गुरू सांगतो एवढ्यावरून मानू नका, असेच बजावले होते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्याच खात्याकडे होती. कामगाराच्या हाती नुसते पक्कड-पाने देऊन भागत नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नसते.

घोटाळा बहुधा घड्याळाच्या खटक्यावर होतो. एका टोकाने ताल द्यायचा, दुसऱ्याने तो धरायचा. दोन्ही टोके आपापला ताल देऊ लागली, की दिवा हिरवा दिसतो आणि माहिती मात्र अधूनमधून गळते. ठपका अर्थात नव्या पोराच्या माथी! कप्प्यांची संख्याही दोन्हीकडे सारखीच हवी.

आता ही कामे बहुतेक ठिकाणी संगणकावरून होतात; जुनी यंत्रे अजून काही ठिकाणी टिकून आहेत. त्यांच्यातील पुष्कळशी खटक्यांची मांडणी सुरू होतानाच वाचतात, म्हणून बदल वीज बंद करून करावा. खटका पेन्सिलीने ढकलू नये, शिशाच्या भुकटीतून वीज वाहते. आणि हात लावण्यापूर्वी जुनी मांडणी वहीत काढून घ्यावी.

लाइन तपासण्याची लूपबॅक चाचणी पुढील अंकी.