सवलतीतील वेगवान मोटार आणि घरचा हिशेब

वर्षअखेर जवळ आली की वर्तमानपत्रांची पाने मोटारींच्या जाहिरातींनी भरू लागतात. ‘साठा मर्यादित’, ‘३१ डिसेंबरपर्यंतच’, ‘एक लाखापर्यंत लाभ’ अशा ओळी ठळक अक्षरांत झळकतात. या गर्दीत अलीकडे एक वेगळ्या स्वभावाची मोटार दिसू लागली आहे. आकाराने लहान, मागील बाजूस वर उघडणारे दार असलेली, म्हणजे हॅचबॅकच. पण इंजिन मात्र मोठ्या गाड्यांच्या तोडीचे. तरुण मंडळी तिला ‘हॉट हॅच’ म्हणतात. घरातील मुलाला वा मुलीला ही गाडी हवी असते, आणि वडीलधाऱ्यांना त्या गाडीपेक्षा तिच्यावरील सवलत अधिक पटते. दोघांचे एकमत होते, पण वेगवेगळ्या कारणांनी. आणि म्हणूनच हिशेब कोणीच नीट मांडत नाही. या वेळच्या सदरात तोच मांडून पाहू.

या प्रकारच्या मोटारीला लोकप्रियता मिळाली ती १९७६ साली आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमुळे. घरगुती वापराच्या साध्या गाडीत ११० अश्वशक्तीचे इंजिन बसवायचे, एवढीच मूळ कल्पना. कंपनीचा विचार अवघ्या ५,००० गाड्यांचा होता. प्रत्यक्षात त्या पहिल्या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. आठवडाभर कचेरी, बाजार आणि शाळा, आणि रविवारी मोकळ्या रस्त्यावर थोडा आनंद, ही दोन्ही कामे एकाच गाडीने करावीत, ही सोय लोकांना भावली.

आपल्याकडे या सोयीची कथा निराळी झाली. फोक्सवॅगनची पोलो ही हॅचबॅक पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यात २००९ च्या अखेरीपासून तयार होऊ लागली आणि २०२२ पर्यंत होत राहिली. महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांची ती परिचयाची गाडी. मात्र तिचे वेगवान भावंड, पोलो जीटीआय, चाकणला तयार झाले नाही. ते नोव्हेंबर २०१६ मध्ये परदेशातून पूर्ण बांधणीचे आयात होऊन आले. १.८ लिटरचे टर्बो इंजिन, १९२ अश्वशक्ती, शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग सुमारे सव्वासात सेकंदांत. किंमत सुमारे २६ लाख रुपये. दारे मात्र तीनच. म्हणजे मागच्या आसनावर जाण्यासाठी पुढचे आसन वाकवून आत शिरावे लागे. संख्या मर्यादित ठेवली होती, तरीही गाड्या हातोहात संपल्या नाहीत. पुढील वर्षी, २०१७ मध्ये, कंपनीने किंमत तब्बल ६ लाखांनी उतरवली आणि ती २० लाखांच्या किंचित आत आणून ठेवली.

नव्या कोऱ्या गाडीवर ६ लाखांची सूट! ज्याने ती पहिल्या महिन्यात घेतली त्याच्या मनाला काय वाटले असेल, याची कल्पना करावी. आणि ज्याने ती सवलतीत घेतली, त्याचा लाभ केवळ ६ लाखांचाही नव्हता. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे असलेल्या पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के वाहनकर पडतो. या दराने २६ लाखांच्या गाडीवर सुमारे ३ लाख ३८ हजार, तर २० लाखांच्या आतील गाडीवर सुमारे २ लाख ४० हजार कर होतो. कंपनीने अधिकृत किंमतच उतरवली की कर आणि विम्याचा आधारही उतरतो. विक्रेत्याने स्वतःच्या पदरची सूट दिली तर तसे होईलच असे नाही. म्हणून पहिला प्रश्न हा, की सवलत नेमकी कोणाची आणि बिलावर ती कोणत्या रकान्यात दिसते?

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. सवलत का? व्यापारी वर्गातील आपल्या वाचकांना हे सांगावयास नको, की माल विनाकारण स्वस्त होत नाही. मोटारीच्या बाबतीत ही कारणे बहुधा चार-पाचच असतात. वर्ष बदलणार असते. नवे रूप येऊ घातलेले असते. सरकारी नियम बदलणार असतो. कर उतरलेला असतो. किंवा गाडी खपतच नसते.

नियमबदलाचे उदाहरण अनेकांना स्मरत असेल. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बीएस-३ मानकाच्या वाहनांची विक्री १ एप्रिलपासून थांबविली आणि उरलेल्या दोन दिवसांत दुचाकींच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक आले. त्याच्या आधी मारुती सुझुकीच्या बलेनो आरएसचे काय झाले ते पाहावे. मार्च २०१७ मध्ये आलेली ही एक लिटर टर्बो इंजिनाची, सुमारे १०२ अश्वशक्तीची हॅचबॅक. सप्टेंबर २०१९ मध्ये तिची किंमत एकदम १ लाखाने उतरली आणि २०२० च्या प्रारंभी ती बंदच झाली. सवलत खरी होती, गाडीही चांगली होती. पण ती सवलत निरोपाची होती.

करकपातीचे उदाहरण ताजे आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १,२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवर पूर्वी उपकरासह २९ टक्के कर होता, तो १८ टक्के झाला. करपूर्व किंमत ८ लाख धरली तर पूर्वीचे १० लाख ३२ हजार आता ९ लाख ४४ हजार होतात. म्हणजे ८८ हजारांचा फरक. जून २०२४ मध्ये आलेली टाटाची अल्ट्रोझ रेसर काय किंवा ह्युंदाईची आय-२० एन लाइन काय, साधारण १२० अश्वशक्तीच्या या टर्बो गाड्यांची इंजिने याच मर्यादेत बसतात. ही बचत कायद्याने सर्वांना मिळालेली आहे. विक्रेता तीच रक्कम ‘आमची खास सवलत’ म्हणून पुन्हा मोजून दाखवीत नाही ना, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.

याउलट, ज्या गाडीला मागणी आहे तिच्यावर सवलत नसते. मे २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय सुमारे ५३ लाखांना भारतात आली, आणि तिच्या पहिल्या खेपेतील १५० गाड्यांना गिऱ्हाइके शोधावी लागली नाहीत.

आता न खपणाऱ्या गाडीविषयी. ऑक्टोबर २०१५ मध्ये पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातून फियाटची अबार्थ पुंटो बाहेर पडली. १४५ अश्वशक्ती आणि १० लाखांच्या आतली किंमत. जाणकारांनी तिचे मनापासून कौतुक केले. पण कौतुक करणारे फार आणि विकत घेणारे थोडे, अशी तिची अवस्था झाली. २०१९ च्या सुमारास फियाट या नावाची विक्री भारतात थांबली. गाडी दारात उभी असते, धावतही असते. मात्र एखादा सुटा भाग लागला की मालकाला गावोगाव फोन करावे लागतात. विमाही अवघड होतो, कारण बंद पडलेल्या मॉडेलची विमा-किंमत मालक आणि कंपनी यांनी आपापसांत ठरवावी लागते. मुंबई-पुण्यात अशा गाडीचा जाणता कारागीर सापडतो. आपल्या तालुक्याच्या गावी तो कुठून यावा?

हा प्रश्न मला सुचला तो धाराशिव तालुक्यातील बेंबळीच्या एका कुटुंबामुळे. वडिलांचा धान्याचा व्यापार, मुलगा पुण्यात नोकरीला. मुलाने एक वेगवान हॅचबॅक पाहून ठेवली होती. १ लाखाची सूट, मुदत महिनाअखेरपर्यंत. वडिलांनी हरभऱ्याच्या खरेदीसाठी रक्कम राखून ठेवली होती, ती मुलासाठी काढण्याची त्यांची तयारी होती. ‘एवढी सूट पुन्हा मिळायची नाही,’ असे दोघेही म्हणत होते. आईने मात्र साधेच विचारले, ‘सूट एकदा मिळेल, हप्ता दर महिन्याला यायचा, तो कुणी भरायचा?’

तिच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत असे. ८ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ९६ हजार. हप्ता जड वाटतो म्हणून मुदत सात वर्षे केली तर तो सुमारे १२,९०० वर येतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जाते. म्हणजे दोन वर्षे वाढविण्याची किंमत जवळजवळ ८५ हजार. एक लाखाच्या सवलतीतील बहुतेक रक्कम मुदतवाढीतच विरघळून गेली! आणि व्यापाराचे भांडवल ऐन हंगामात गाडीत अडकले तर त्या हंगामाचा नफा बुडतो; तो कोणत्याही जाहिरातीत वजा केलेला नसतो.

त्या कुटुंबाने पुढे एक शहाणपणाची गोष्ट केली. बयाणा देण्याआधी गाडीच्या निर्मितीचा महिना आणि वर्ष लेखी मागितले. गाडी जवळपास वर्षभर आधीची निघाली. नोंदणी-पुस्तिकेत निर्मितीचा महिना आणि वर्ष छापले जाते, त्यामुळे उद्या विकताना गिऱ्हाईक वय तिथूनच मोजणार. हे ध्यानात घेता १ लाखाची सूट ही कृपा नव्हे, झालेल्या घसाऱ्याची भरपाई होती. शेवटी मुलाने मार्चपर्यंत थांबून नव्या वर्षाच्या बांधणीची, थोड्या कमी सवलतीची तीच गाडी घेतली. कर्ज पाच वर्षांचे, हप्ता त्याच्या पगारातून. हरभऱ्याची खरेदी ठरल्याप्रमाणे झाली. दर वेळी थांबणेच योग्य असे मात्र नाही. दहा-बारा वर्षे गाडी विकायचीच नसेल, तर मागील वर्षाची गाडी मोठ्या सवलतीत घेणे हा उत्तम व्यवहार ठरतो.

वाचकांनी काही कागद आपल्या डोळ्यांनी पाहावेत. विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१, आणि निर्मात्याचे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना २२. त्यांतील चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. टायरवर चार आकडी खूण असते. ३५२४ असेल तर २०२४ च्या ३५ व्या आठवड्यातील टायर. उन्हात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी तपासून घ्यावी. किलोमीटरचा आकडा पाहावा, म्हणजे लोकांना फिरवून दाखविलेली गाडी नवी म्हणून गळ्यात पडत नाही. नव्या मोटारीला तीन वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा सक्तीचा आहे, पण तो त्याच विक्रेत्याकडून घेण्याची सक्ती नाही. १० लाखांहून अधिक किमतीच्या गाडीवर विक्रेता १ टक्का प्राप्तिकर गोळा करतो. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात तो वजा मिळतो. आणि फसवणूक झालीच तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीही आहे.

कागदांइतकाच रस्ताही पाहावा. कोणत्या कंपनीचे सेवाकेंद्र धाराशिवला आहे आणि कोणासाठी सोलापूर वा लातूर गाठावे लागेल, हे आधी विचारावे. या गाड्यांचे टायर रुंद आणि कडेला बुटके असतात. खड्ड्यात आदळले की चाकाची कड वाकते. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा १२० ची आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर १००, आणि बेंबळीच्या बाजाराच्या दिवशी तर गाडीपुढे बैलगाडी असते. अश्वशक्ती कितीही असो, तिचा उपयोग रस्ता देईल तेवढाच. मागच्या आसनावर आजीला बसवून एक फेरी मारावी. तिला चढता-उतरता आले नाही तर ती गाडी कुटुंबाची नव्हे, एकट्याची. आसनांचे आणि चक्राचे वेष्टन खऱ्या चामड्याचे की कृत्रिम, हे आपल्या घरांत विचारले जातेच. ते तोंडी नव्हे, माहितीपत्रकात दाखवून घ्यावे. मूळ गोल्फ जीटीआयची आसने चौकटीच्या कापडाची होती, हे यानिमित्ताने आवर्जून सांगण्याजोगे.

तरुणांच्या वेगाच्या हौसेला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. आपल्या कमाईतून, आपल्या ऐपतीत, नीट चालवून घेतलेला आनंद निर्मळच असतो. वडीलधाऱ्यांना मात्र एक विनंती. मुलाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी त्याच्यासमवेत वही घेऊन बसावे. एका पानावर गाडीची किंमत, कर, विमा, व्याज, टायर आणि पेट्रोल लिहावे. सवलत सर्वांत शेवटी लिहावी. ती वजा करण्यापूर्वीची बेरीज पाहूनही दोघांचे मन होकार देत असेल, तर गाडी खुशाल घ्यावी.