कोळसा वाजवून घ्यावा
थंडी पडली की बडोद्याच्या लहरीपुऱ्यातल्या मराठी घरात भरताची वांगी येतात आणि माळ्यावरची शेगडी गच्चीत जाते. (गच्चीतच; बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू वास न येता जीव घेतो.) गुजरातेत कच्छच्या वेड्या बाभळीचा कोळसा येतो, जड, दमदार निखाऱ्याचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटावेत. खणखणले तर घ्यावेत. बद्द वाजले, कडेला तपकिरी लाकूड दिसले, तर माल कच्चा, धूर करणारच. चुरा फुकटही नको. करवंटीचा कोळसा कडक तापतो, राखही कमी, पण वांग्याला एवढी आच कशाला? गर शिजण्याआधी साल जळायची. रॉकेल शिंपडून शेगडी पेटवणाऱ्याच्या हातचे भरीत मी खात नाही. निखाऱ्यांवर पांढुरकी राख धरली की मगच वांगी ठेवावीत.