बादलीभर गरम पाण्याचा हिशेब

थंडी पडू लागली की मध्यमवर्गीय घरांत आंघोळीच्या पाण्याचा विषय हमखास निघतो. दोन खोल्यांचे घर, चार माणसे आणि सकाळी सहा ते आठ एवढीच वेळ. विजेचे बिल डोळ्यांपुढे नाचत असते. शेवटी ‘गॅसचा गिझर घेऊन टाकू’ असे ठरते आणि चांगला, कमी गॅस खाणारा गिझर कोणता याची चौकशी सुरू होते. विक्रेता तीन गोष्टी सांगतो : किती लिटरचा, केवढ्याला आणि गॅस किती वाचतो. तो लावणार कुठे, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते छोट्या घरात हाच प्रश्न पहिला असायला हवा.

आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली, त्यामुळे आधी हिशेब मांडतो. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो स्वयंपाकाच्या गॅसमधून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात. गिझरने त्यातली ८० टक्के पाण्याला दिली, तर बादलीमागे ४५ ग्रॅम गॅस जळतो. तेच पाणी शेगडीवर पातेल्यात तापवले, तर आच कडेने निसटते आणि ६० ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. चार बादल्या रोज धरल्या, तर गिझरचा महिन्याचा खर्च सुमारे साडेपाच किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक. विजेवर त्याच बादलीला साधारण अर्धा युनिट लागतो. आपापल्या बिलावरचे दर घालून गुणाकार प्रत्येकाने घरीच करावा. दर बदलतात, पण हे ग्रॅम आणि युनिट बदलत नाहीत.

कार्यक्षमतेचे म्हणाल तर एका न्हाणीघराला मिनिटाला सहा लिटरचा गिझर पुरतो. मोठा घेतल्याने पाणी अधिक चांगले तापत नाही, गॅस मात्र भरभर जातो. गिझर आणि नळ यांतले अंतर कमी असावे. नळी लांब असली की प्रत्येक वेळी नळीतले थंड पाणी आधी ओतून द्यावे लागते. पाणी कढत काढून त्यात गार पाणी मिसळण्यापेक्षा आचच बेताची ठेवावी. आपल्याकडे बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. त्याचा थर आतल्या नळीवर बसला की गॅस जळतो, पण पाणी तापत नाही, म्हणून वर्षातून एकदा सफाई हवीच. वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब कमी असेल तर ज्योत पेटतच नाही, हे घेण्याआधी पाहावे. आय.एस.आय. चिन्ह तर असलेच पाहिजे.

इथवर दुकानदाराचे आणि माझे एकमत आहे. पुढचे मात्र तो सांगत नाही.

आपल्या वाड्यांतून तांब्याचा बंब असे. मधोमध निखाऱ्यांची नळी आणि भोवती पाणी, अशी त्याची रचना. आच चहूबाजूंनी पाण्यालाच लागे. पण तो परसात किंवा पडवीत असायचा. त्याचा धूर दिसायचा, डोळ्यांना झोंबायचा आणि म्हणूनच कोणी त्याला बंद मोरीत ठेवत नसे. गॅसच्या ज्योतीचा धूर दिसत नाही. ती निळी आणि स्वच्छ दिसते, म्हणून आपण तिला चार फूट बाय सहा फुटांच्या न्हाणीघरात भिंतीवर टांगतो, थंडी म्हणून झडपही लावून घेतो आणि आतून कडी घालतो.

आता दुसरा हिशेब पाहा. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गिझर पूर्ण आचेवर मिनिटाला सतराएक ग्रॅम गॅस जाळतो. दहा मिनिटे तो चालला, तर त्याला दोन घनमीटरांहून अधिक हवा हवी. त्या न्हाणीघरात, छत आठ फुटांवर धरले तरी, सगळी मिळून साडेपाच घनमीटरांहून कमीच हवा असते. आपल्या श्वासाची हवाही त्यातलीच. प्राणवायू घटू लागला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर कळावे म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, पण जळून तयार झालेल्या या विषाला तो वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ते प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटते. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. माणसाला वाटते, पाणी जरा जास्तच कढत झाले. कडी काढायला हात उठत नाही. महाराष्ट्रातल्या शहरांतून अशा मृत्यूंच्या बातम्या वारंवार आल्या आहेत. आपण हळहळतो आणि पान उलटतो.

इंधन, जागा आणि यंत्र यांचा क्रम कसा लावावा, याचे एक उदाहरण आपल्या राज्यात आहे. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले, पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी. अण्णा हजारे १९७५ मध्ये सैन्यातून गावी परतले आणि त्या अवर्षणग्रस्त गावात पाणी अडवण्याचे, जिरवण्याचे काम उभे राहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याबरोबर कुऱ्हाडबंदी आली, चराईबंदी आली. कुऱ्हाडबंदी म्हणजे चुलीत घालायला झाड तोडायचे नाही. मग भाकरी कशावर भाजायची आणि पाणी कशावर तापवायचे? उत्तर चराईबंदीतच होते. जनावर मोकाट न फिरता गोठ्यात राहिले की शेण एका जागी मिळते. गावात गोबरगॅस आला, सामुदायिक शौचालयालाही गॅससंयंत्र जोडले गेले. जे वाया जात होते, त्याचेच इंधन झाले आणि उरलेली मळी शेताला मिळाली.

देशात १९८१-८२ पासून बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात गोबरगॅसच्या कर्जाची प्रकरणे माझ्या टेबलावर येत. शेतकऱ्याला आम्ही पहिला प्रश्न विचारत असू, जनावरे किती? कारण एक घनमीटर गॅसला रोज पंचवीसेक किलो शेण लागते आणि त्यातून साधारण साडेचारशे ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतके काम होते. दुसरा प्रश्न, खड्ड्याला मोकळी, उन्हाची जागा कुठे? संयंत्राची किंमत तिसऱ्या क्रमांकावर येई. हिवाळ्यात शेणातले जिवाणू मंदावतात आणि गरम पाण्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच गॅस कमी पडतो, हेही सांगावे लागे. म्हणून आंघोळीच्या पाण्यासाठी, छत आपले असेल तर, सौरबंबच बरा. दोन चौरस मीटरच्या पट्टीवर दिवसाला शंभर लिटर पाणी तापते आणि जळत काहीच नाही.

शहरातल्या छोट्या घराला गोठा नाही आणि गच्ची सोसायटीची. तिथे गॅसचा गिझर राहणारच, आणि त्याला माझा विरोध नाही. वीज गेली तरी पाणी मिळते, हे भारनियमनाच्या वर्षांत आपण अनुभवले आहे. पण क्रम तोच हवा. आधी जागा, मग यंत्र. गिझर न्हाणीघराबाहेर, कपडे वाळत घालायच्या उघड्या बाल्कनीत असावा आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. ते शक्यच नसेल, तर धूर नळीने थेट बाहेर सोडण्याची सोय आणि बंद न होणारी झडप हवी. एवढीही जागा नसेल, तर त्या घराने विजेचा गिझर घ्यावा. प्राणवायू घटला की ज्योत विझवणारी योजना काही गिझरांत असते. ती जरूर घ्यावी, पण तिच्या भरवशावर खिडकी बंद करू नये. ज्योत पिवळी दिसू लागली की गिझर बंद करून कारागिराला बोलवावे. आत कोणाला गरगरले तर आधी गॅस बंद करून दार उघडावे, माणसाला मोकळ्या हवेत न्यावे आणि बरे वाटले तरी डॉक्टरकडे न्यावे.

ही जबाबदारी एकट्या ग्राहकाची नाही. घर बांधणारा टाइल्सचे रंग दाखवतो, पण गिझरसाठी बाहेर हात-दीड हात जागा आणि दोन नळ्या ठेवत नाही. सोसायटी दर्शनी भाग बिघडतो म्हणून भिंतीला भोक पाडू देत नाही. भाडेकरूला तर विचारायचीही सोय नसते. नकाशा मंजूर करतानाच ही जागा दाखवण्याची सक्ती महापालिकांनी केली, तर बांधकामाचा खर्च फारसा वाढणार नाही. तोवर निदान ज्यांच्या न्हाणीघरात गिझर आहे, त्यांनी आज आत उभे राहून पाहावे की वरची झडप उघडी आहे की रंगाने चिकटून बसली आहे. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना व मुलांना सांगावे, आंघोळीला जाताना कडी लावू नका, दार नुसते लोटून घ्या.