लेखणी सरकारच्या हातून सोडवा

युद्धाचा इतिहास मुलांना कसा शिकवावा, याचे उत्तर प्रत्येक देशाने आपापल्या परीने दिले आहे. पण जिथे पाठ्यपुस्तकावर अखेरचा हात सरकारने फिरवला, तिथे मुलांच्या पदरी अर्धाच इतिहास पडला.

साबुरो इएनागा हे जपानचे नामवंत इतिहासकार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते शिक्षक होते. विद्यार्थी रणांगणावर धाडले जात असताना आपण गप्प राहिलो, ही बोच त्यांना आयुष्यभर लागून राहिली. युद्ध संपल्यावर त्यांनी शाळांसाठी इतिहासाचे पुस्तक लिहिले. जपानमध्ये पाठ्यपुस्तके खासगी प्रकाशक काढतात, पण शिक्षण मंत्रालयाच्या तपासणीतून पार पडल्याशिवाय ती वर्गात पोहोचत नाहीत. १९६० च्या दशकात या तपासणीत इएनागांचे पुस्तक अडले. हवाई हल्ले, जळालेली शहरे, अपंग होऊन परतलेला सैनिक अशी चित्रे फार झाली, युद्ध फारच काळे दिसते, असा आक्षेप घेतला गेला. इएनागांनी १९६५ मध्ये सरकारलाच न्यायालयात खेचले. एकामागून एक तीन दावे चालले आणि ही लढाई ३२ वर्षे पुरली. मांचुरियात जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग करणाऱ्या ‘तुकडी ७३१’ चा उल्लेख गाळायला लावणे बेकायदा होते, असा निर्वाळा जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या ऑगस्टमध्ये दिला. तेव्हा इएनागा ८३ वर्षांचे होते. मात्र तपासणीची पद्धत घटनेला धरूनच आहे, असेही त्याच निकालाने ठरवले. एका लेखकाला न्याय मिळाला. लेखणी मंत्रालयाकडेच राहिली.

त्याचे परिणाम दहाच वर्षांत ओकिनावाने भोगले. १९४५ च्या लढाईत तिथल्या असंख्य कुटुंबांनी सामूहिक आत्महत्या केल्या. जपानी लष्कराने रहिवाशांच्या हाती हातबॉम्ब दिले आणि शत्रूच्या हाती सापडण्याऐवजी मरण पत्करायला भाग पाडले, असे वाचलेले लोक वर्षानुवर्षे सांगत आले. २००७ मध्ये मंत्रालयाने पुस्तकांतून लष्कराचा हा वाटा पुसायला लावला. त्यावर सप्टेंबरमध्ये गिनोवान शहरात प्रचंड निषेध सभा झाली. आयोजकांच्या मते तिला एक लाख दहा हजार लोक आले होते. डोळ्यांदेखत आईबाप गमावलेली, आता म्हातारी झालेली माणसे सरकारला जाब विचारत होती. मंत्रालयाला काही पावले मागे यावे लागले. जपानी समाजाबद्दलही न्यायाने बोलायला हवे. आक्रमणाला मुलामा देणारे एक पुस्तक २००१ मध्ये याच मंत्रालयाने मंजूर केले, तेव्हा पालक आणि शिक्षकांनी ठाम विरोध केला. एक टक्का शाळांनीदेखील ते लावले नाही. सत्य पेलण्याची ताकद समाजात होती. ती नव्हती सरकारात.

जर्मनीने वेगळी वाट धरली, पण तीही एका दिवसात सापडली नाही. पन्नासच्या दशकात तिथल्या वर्गांतही नाझी काळ घाईने उरकला जाई. आउश्वित्झमधल्या अधिकाऱ्यांवर फ्रँकफर्टला १९६३ ते ६५ दरम्यान खटला चालला, पाठोपाठ तरुण पिढी आपल्या बापजाद्यांना प्रश्न विचारू लागली, तेव्हा कुठे धडे बदलले. त्याहून मोलाचे काम ब्राउनश्वाइग येथे चालले होते. गेओर्ग एकर्ट या इतिहासाच्या प्राध्यापकाने १९५१ मध्ये तिथे पाठ्यपुस्तकांच्या अभ्यासाची संस्था सुरू केली आणि कालच्या शत्रूंच्या इतिहासकारांना एका टेबलाशी बसवायला सुरुवात केली. जर्मन-पोलिश आयोग १९७२ मध्ये, शीतयुद्ध चालू असतानाच स्थापन झाला. त्यातूनच पुढे दोन्ही देशांच्या मुलांसाठी चार भागांचे एकच पुस्तक तयार झाले. शेवटचा भाग यायला २०२० साल उजाडले. फ्रान्स आणि जर्मनीच्या संयुक्त पुस्तकाची मागणी तर २००३ मध्ये दोन्ही देशांच्या तरुणांनीच केली होती आणि तीन वर्षांत पहिला खंड वर्गात आला. शेजाऱ्याच्या मुलासमोर जो धडा मान खाली न घालता वाचता येतो, तोच खरा. ही कसोटी या पुस्तकांनी लावून घेतली.

जर्मनीलाही सगळे गुण देता येणार नाहीत. आजच्या नामिबियात १९०४ ते १९०८ दरम्यान हेरेरो आणि नामा लोकांचा जो संहार झाला, त्याला वंशसंहार म्हणायला बर्लिनने २०२१ साल उजाडू दिले. जेत्यांचे तर त्याहून सोपे असते. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ज्यूंचा संहार सक्तीने शिकवला जातो आणि ते योग्यच आहे. पण त्याच महायुद्धात, ब्रिटिश अमलाखालच्या बंगालमध्ये १९४३ साली सुमारे तीस लाख माणसे भुकेने आणि रोगराईने मेली, हे शिकवणे सक्तीचे नाही. दुसऱ्याचे पाप शिकवायला धैर्य लागत नाही.

लेखणी पूर्णपणे सत्तेच्या मुठीत गेली की काय होते, ते रशियाने दाखवले. २०२३ मध्ये अध्यक्ष पुतिन यांच्या सल्लागाराने लिहिलेले एकच इतिहासाचे पुस्तक अकरावीसाठी देशभर लागू झाले. युक्रेनमधले युद्ध चालू असतानाच त्यात त्या युद्धाचे समर्थन छापले गेले. उद्या ज्यांना सैन्यात बोलावणे येऊ शकते, त्याच मुलांच्या हाती ते पडले. पाकिस्तानात १९७१ मध्ये देश का फुटला, याचे उत्तर शालेय पुस्तकांनी अनेक वर्षे भारताच्या कारस्थानात शोधले. पूर्व बंगालमध्ये आपल्याच लष्कराने केलेल्या अत्याचारांबद्दल मौन पाळले. त्यांचेच इतिहासकार के. के. अझीझ यांनी पुस्तकांतल्या अशा खोटेपणाचा पंचनामा केला.

हे सगळे वाचून आपण समाधानाने मान डोलवायची नाही. दुसऱ्या महायुद्धात २५ लाख भारतीय सैनिक लढले. रायगडच्या यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये इटलीत वीरमरण आले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरीकडे आझाद हिंद सेनेचे जवान जपानच्या साथीने इंफाळपर्यंत पोहोचले. दोन्हीकडे आपलीच माणसे होती. डिसेंबर १९४३ मध्ये नेताजींनी अंदमानात तिरंगा फडकवला, हे मुलांना सांगितले जाते आणि सांगितलेच पाहिजे. पण पुढच्याच महिन्यात पोर्ट ब्लेअरजवळ होम्फ्रेगंज येथे जपानी सैन्याने हेरगिरीच्या आरोपाखाली ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या, हे किती मुलांना ठाऊक आहे? नेताजींचे मोठेपण त्याने कमी होत नाही. आपल्या माणसांना किती अवघड निवड करावी लागली, ते त्यातून कळते.

लेखणीचा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांतून गांधीहत्येसंबंधीचा काही मजकूर गळाला. राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार असलेले पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी त्यावर आपली नावेच पुस्तकांवरून काढायला सांगितले. इएनागांनी जो प्रश्न टोकियोच्या न्यायालयात मांडला होता, तोच हा प्रश्न आहे. सरकारे बदलली तरी तो सुटत नाही, कारण कोणत्याच सरकारला लेखणी सोडवत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. केंद्रात असो वा बालभारतीत, इतिहासाच्या पुस्तकातली प्रत्येक काटछाट ती करणाऱ्या अभ्यासकांच्या नावासह आणि कारणासह जाहीर झाली पाहिजे. पुस्तकातल्या बदलाचा अंतिम निर्णय मंत्र्याचा नव्हे, ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या स्वायत्त अभ्यासमंडळाचा असला पाहिजे. शिक्षकांच्या हाती निष्कर्षांबरोबर मूळ कागदपत्रे आणि दोन्ही बाजूंच्या साक्षी दिल्या पाहिजेत, म्हणजे मुले स्वतः तपासायला शिकतील. आणि ज्यांच्याशी आपण इतिहासाचे वाटेकरी आहोत, त्या शेजाऱ्यांच्या अभ्यासकांबरोबर एका तरी प्रकरणाचा संयुक्त धडा लिहायला आपण सुरुवात केली पाहिजे. राजकीय संबंध सुधारण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जर्मनी आणि पोलंडही शीतयुद्ध संपण्यासाठी थांबले नव्हते.

मुलांना पराक्रम सांगावा, तसा आपल्या बाजूने झालेला अन्यायही सांगावा. त्याने देशप्रेम पातळ होत नाही. उद्या कोणी पुन्हा युद्धाचे नगारे बडवू लागला, तर त्याला ‘पुरावा काय?’ असे विचारणारे नागरिक आजच्या वर्गातच घडायचे आहेत. अर्धा इतिहास शिकवून ते घडणार नाहीत.