२४ फेब्रुवारीपर्यंत हिशेब द्या

केंद्र सरकारला हे आमचे शेवटचे निवेदन आहे. यापुढे निवेदन येणार नाही.

आम्ही गडहिंग्लज तालुक्यातले विरोधी पक्षांचे कार्यकर्ते. आमच्यात माजी सैनिक आहेत. ज्यांची मुले आज सीमेवर आहेत असे आईबाप आहेत. भरतीसाठी पळणारी पोरे आहेत. पक्ष वेगळे आहेत, झेंडे वेगळे आहेत. या एका प्रश्नावर आम्ही एक आहोत.

गडहिंग्लज नावाचा विधानसभा मतदारसंघ २००९ पासून उरला नाही. तालुका कागल आणि चंदगड या मतदारसंघांत वाटला गेला. फौजेच्या हजेरीपटावरून मात्र हे नाव कोणी पुसलेले नाही.

गडहिंग्लज, आजरा, चंदगड. ज्या गावातून कोणीच फौजेत गेले नाही, असे गाव या पट्ट्यात शोधावे लागेल. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे. आमच्या घरांतून तिथे जाणारी वाट जुनी आहे.

राष्ट्रीय सुरक्षेवर बोलण्यासाठी आम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आजवर आम्ही थांबलो. ते का थांबलो, हे सरकारने नीट समजून घ्यावे.

१४ फेब्रुवारी २०१९. पुलवामा. सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यातले दोघे बुलढाणा जिल्ह्यातले. विरोधी पक्ष दुसऱ्याच दिवशी सरकारच्या पाठीशी उभे राहिले. हल्ल्याचे आरोपपत्र २०२० मध्ये दाखल झाले. पण स्फोटके महामार्गापर्यंत पोहोचली कशी? एवढा मोठा ताफा रस्त्याने का नेला? चूक कोणाची? याचे उत्तर जनतेपुढे आले नाही.

आम्ही थांबलो.

१५ जून २०२०. गलवान. २० जवान गेले. संसदेत निवेदने झाली. विरोधकांनी मागितलेली सविस्तर चर्चा झाली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तवांगजवळ यांगत्सेला पुन्हा झटापट झाली. पुन्हा चर्चा मागितली. पुन्हा नाकारली.

आम्ही तेव्हाही थांबलो.

मग पहलगाम.

२२ एप्रिल २०२५. बैसरनच्या कुरणात २६ जण मारले गेले. सहा महाराष्ट्रातले होते. डोंबिवली, पुणे, पनवेल. सुट्टीला गेलेली माणसे शवपेटीतून घरी आली.

२४ एप्रिलला दिल्लीत सर्वपक्षीय बैठक झाली. विरोधी पक्षांनी एकमुखाने सांगितले की जी कारवाई कराल तिला पाठिंबा आहे. पंतप्रधान त्या बैठकीला नव्हते. त्या दिवशी ते बिहारमध्ये मधुबनीच्या कार्यक्रमात होते.

७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर झाले. आम्ही सैन्याला सलाम केला. आजही करतो. १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. ती देशाला आधी कळली अमेरिकेच्या अध्यक्षांकडून.

विरोधी पक्षांचे खासदार सर्वपक्षीय शिष्टमंडळांतून परदेशी गेले. देशाची बाजू मांडून आले. त्यांत महाराष्ट्रातले होते, एका शिष्टमंडळाच्या प्रमुख सुप्रिया सुळे होत्या. परदेशात विरोधक चालले. घरी, संसदेत, त्यांनी मागितलेले विशेष अधिवेशन मात्र मिळाले नाही.

आपली लढाऊ विमाने पडली, हे सरसेनाध्यक्षांनी ३१ मे रोजी मान्य केले. सिंगापूरमध्ये. परदेशी वृत्तसंस्थेच्या मुलाखतीत. भारताच्या संसदेला ते त्यांच्या आधी कोणी सांगितले नव्हते.

चर्चा झाली ती जुलैच्या अखेरीस. हल्ल्यानंतर तीन महिन्यांनी. त्याच दिवसांत तीन हल्लेखोर मारले गेल्याचे सरकारने सांगितले. ते काम जवानांचे. त्याचे श्रेय जवानांना.

पण मूळ प्रश्न तसाच राहिला. हजारो पर्यटक जिथे जात होते, त्या कुरणात बंदोबस्त का नव्हता? जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी जुलैमध्ये सुरक्षेतली चूक मान्य केली. जबाबदारी आपली, असेही म्हणाले. त्यानंतरही ते पदावर राहिले. दिल्लीतही कोणी पद सोडले नाही.

इथे आमचे थांबणे संपले.

सरकारकडून एकच उत्तर येते. संकटाच्या काळात प्रश्न विचारू नका. शत्रूला फायदा होतो. जवानांचे मनोबल खचते.

हे उत्तर आम्ही स्वीकारत नाही. या देशाचा इतिहास ते स्वीकारत नाही. तुमच्याच पक्षाचा इतिहास तर मुळीच नाही.

८ नोव्हेंबर १९६२. चिनी फौजा नेफात, आजच्या अरुणाचलात, उतरल्या होत्या. युद्ध चालू होते. त्या दिवशी संसद भरली. अधिवेशन लवकर बोलवा, ही मागणी जनसंघाचे, तुमच्या पक्षाच्या पूर्वजाचे, अटलबिहारी वाजपेयी यांनी केली होती. नेहरूंनी ती मान्य केली. बैठक गुप्त ठेवावी ही सूचना मात्र नाकारली. भर सभागृहात पंतप्रधानांनी टीका ऐकली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तोवर जावे लागले होते. त्यांना घालवण्यात काँग्रेसचे स्वतःचे खासदार पुढे होते. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्रातून गेले.

त्या पराभवाची दुसरी बाजू आमच्या जिल्ह्याला ठाऊक आहे.

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. आमच्याच जिल्ह्यातल्या वडगावचे. ईस्टर्न कमांडचे प्रमुख. चीन कुठून येईल, किती बळाने येईल, त्याला कुठे अडवावे लागेल, हे त्यांनी १९५९ मध्ये लिहून दिले. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन वरिष्ठ अधिकाऱ्यांना नकाशावर दाखवून दिले. मेनन यांनी त्यांना घबराट पसरवणारा ठरवले. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा अंदाज खरा ठरला. तेव्हा नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावले. तो अहवाल पंतप्रधानांपर्यंत पोहोचलाच नव्हता, असे थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

एक कागद. एका मंत्र्याच्या टेबलावर अडलेला. त्याची किंमत हिमालयात अपुऱ्या कपड्यांत लढलेल्या जवानांनी दिली.

वेळेवर प्रश्न विचारणारे कोणी असते, आणि त्याला उत्तर देणे मंत्र्याला भाग असते, तर तो कागद अडला नसता. आम्ही प्रश्न विचारतो ते याचसाठी. त्या युद्धावरचा हेंडरसन-ब्रूक्स अहवाल आजवर कोणत्याही सरकारने प्रसिद्ध केलेला नाही. त्यात काँग्रेसची सरकारे आली. आजचे सरकारही आले. आमच्यात काँग्रेसवाले आहेत. हे वाक्य त्यांनीच लिहायला लावले.

कारगिल. युद्ध २६ जुलै १९९९ ला संपले. वाजपेयींचे सरकार काळजीवाहू होते. लोकसभा विसर्जित होती. निवडणूक तोंडावर होती. तरीही तिसऱ्या दिवशी, २९ जुलैला, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत ठेवला. काही मजकूर वगळला होता. बाकीचा देशाने वाचला. घुसखोरी वेळेत का कळली नाही, हे त्यात लिहिलेले होते. सैन्य त्याने खचले नाही. यंत्रणा सुधारली.

२६/११. ३० नोव्हेंबर २००८ ला केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील पायउतार झाले. दुसऱ्या दिवशी राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील गेले. मागोमाग मुख्यमंत्री विलासराव देशमुख गेले. तिघेही महाराष्ट्राचे. राम प्रधान समिती नेमली गेली. ते राजीनामे पुरेसे होते असे आम्ही म्हणत नाही. पण खुर्चीला जाब होता.

आणि तेव्हाचे विरोधक? २८ नोव्हेंबरला, ताजमध्ये कमांडोंची कारवाई संपलेली नसताना, गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री मुंबईत ओबेरॉय हॉटेलबाहेर पत्रकारांशी बोलत होते. केंद्र सरकारवर टीका करत होते. त्यांना कोणी देशद्रोही म्हटले नाही.

तो हक्क आज आमचा आहे.

दिल्लीला हे लांबचे वाटत असेल, तर जवळचे सांगतो.

नेसरी आमच्या तालुक्यात आहे. १६७३ मध्ये उमराणीला आदिलशाही सरदार बहलोलखान कोंडीत सापडला. सरसेनापती प्रतापराव गुजरांनी त्याला जाऊ दिले. शिवाजी महाराजांनी जाब विचारला. स्वराज्याच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्याला, मोहीम चालू असताना. त्या जाबाचे ओझे घेऊन २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव नेसरीच्या खिंडीत गेले आणि तिथेच पडले.

स्वराज्यात सरसेनापती जाबाच्या वर नव्हता. आज एक मंत्रीही जाबाखाली यायला तयार नाही.

आता अग्निवीर.

पहाटे पाच वाजता संकेश्वर रस्त्याला येऊन पाहा. अंधारात कडेने पोरे पळत असतात. कोणाच्या पायात बूट, कोणी अनवाणी. एकजण मोबाइलवर वेळ लावून उभा असतो. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत. मग बीमवर दहा पुलअप. घाम पुसत घरी जाऊन म्हशीची धार काढायची, मग कॉलेज.

कोविडच्या काळात यांची भरती दोन वर्षे थांबली. कित्येकांचे वय उलटून गेले. मग १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना आली. संसदेत चर्चा न होता आली. चार वर्षांची नोकरी. त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत पोरांना पुढे ठेवणार. बाकीचे घरी. पेन्शन नाही.

पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरतात. तेविशी-चोविशीतला पोरगा, हत्यार चालवायला शिकलेला, पुन्हा याच रस्त्यावर उभा राहणार. त्याच्यासाठी काय ठेवले आहे, ते आकड्यांत सांगा. घोषणा आम्ही ऐकल्या आहेत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर एक अग्निवीर गेला. बुलढाणा जिल्ह्यातला. त्याच्या घरच्यांना विम्याची आणि इतर रक्कम मिळते. नियमित जवानाच्या घरच्यांना मिळते तशी पेन्शन मिळत नाही. बर्फ दोघांना सारखाच. मरण सारखेच. कागद वेगळा.

हे आम्ही चालू देणार नाही.

आमच्या पक्षांच्या नेत्यांनाही हा जाब लागू आहे. प्रश्न आठ दिवस विचारायचा आणि नवा विषय आला की सोडायचा, ही तुमची रीत झाली आहे. तुमच्या या रीतीवरच सरकार निर्धास्त बसते. कोल्हापूरचा खासदार २०२४ पासून विरोधी बाकावर आहे. शाहू छत्रपती महाराजांना आमची विनंती आहे, आदरपूर्वक आणि स्पष्ट. हे प्रश्न प्रत्येक अधिवेशनात, लेखी, तारखेसह. उत्तर येईपर्यंत. जो नेता हे करणार नाही, त्याच्या बूथवर आमचा माणूस बसणार नाही.

आता सरकारने काय करायचे, ते सांगतो.

पहलगामच्या त्रुटींवर कारगिलसारखी स्वतंत्र समिती नेमा. तिचा अहवाल संसदेत ठेवा. गुप्त भाग वगळा, त्याला आमची हरकत नाही. जबाबदार कोण, ते वगळू नका. पुलवामाच्या त्रुटींवर जी चौकशी झाली, तिचा निष्कर्ष सांगा. कर्तव्यावर गेलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना नियमित जवानाइतकीच पेन्शन द्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक अग्निवीराचे पुढे काय, याची योजना गावनिहाय जाहीर करा.

मुदत येत्या २४ फेब्रुवारीची. त्या दिवशी आम्ही नेसरीला असतो.

तोवर उत्तर आले नाही, तर या तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत ठराव येईल. ठरावावर माजी सैनिकांच्या सह्या असतील. शहीद जवानाच्या अंत्यसंस्कारात सत्तेतल्या कोणाचे भाषण होणार नाही. मंत्र्याने यावे, मान खाली घालून उभे राहावे, फूल वाहावे. माईक मिळणार नाही. सैन्याच्या नावाने मते मागायला जो येईल, त्याला पारावर बसवून हेच प्रश्न विचारले जातील, आणि उत्तर दिल्याशिवाय त्याची सभा सुरू होणार नाही.

दगड उचलला जाणार नाही. रस्ता अडवला जाणार नाही. शिस्त आम्हाला शिकवावी लागत नाही. आमच्यातल्या निम्म्यांनी ती वर्दीत शिकली आहे.

२५ फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता आम्ही गडहिंग्लजच्या प्रांत कार्यालयासमोर बसू. उठण्याची तारीख ठरवलेली नाही.