पहाटेची शिट्टी आणि लाखांची फी

बी.पी.एड. होऊन दोन महिने झालेत. नांदुऱ्यात घरी बसलाय, आणि मित्रांच्या ग्रुपवर जाहिरात पडते: 'निवासी क्रीडा शाळेत प्रशिक्षक हवेत, राहणं-जेवण मोफत.' घरचे खूश, तुम्ही बॅग काढता. हायवेवरच्या १०५ फुटी मारुतीला हात जोडून गाडीत बसायच्या आधी जरा थांबा. ही नोकरी नेमकी कशाची आहे, ते तर बघू!

निवासी क्रीडा शिक्षण आपल्याकडे नवीन नाही. राज्य सरकारने १९९६ मध्ये क्रीडा प्रबोधिनी सुरू केली. चाचण्यांमधून मुलं निवडायची आणि त्यांचं राहणं, जेवण, शाळा, सराव हा सगळा खर्च सरकारने करायचा, अशी ही योजना. आपल्या शेजारीच अमरावतीत तिरंदाजी आणि अकोल्यात बॉक्सिंगची मुलं अशी तयार झाली.

दुसरं मॉडेल बाहेरून आलं. निक बोलेटिएरी यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात टेनिस अकादमी काढली. तीच आजची आयएमजी अकादमी. तिथे राहून खेळायचं तर वर्षाला ७० हजार डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. आता आपल्याकडेही मोठ्या शहरांच्या आसपास लाखांत फी घेणाऱ्या क्रीडा शाळा उभ्या राहिल्यात. सगळ्याच तशा नाहीत हं. नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशनची फुटबॉल अकादमी निवडलेल्या मुलांना शिष्यवृत्तीवर शिकवते.

म्हणून मुलाखतीला जाताना पहिला प्रश्न हा ठेवा: इथे पैसे कोण भरतं? पगाराइतकंच हेही महत्त्वाचं आहे, कारण तुमचं काम त्यावरच ठरतं. मूल चाचणीतून आलं असेल, तर 'तुझा वेग या खेळाला पुरणार नाही, दुसरा खेळ बघ' असं तुम्ही प्रेमाने सांगू शकता. पालकांनी लाखो रुपये भरले असतील, तर तेच वाक्य जड जातं. 'आमच्या मुलाला टीममध्ये का नाही घेतलं?' असा फोन येतो. प्रवेशाच्या वेळी स्वप्न विकणारा दुसराच असतो. खरं काय ते मैदानावर तुम्हालाच सांगावं लागतं. आणि नाही सांगितलं, तर त्या मुलाची चार-पाच वर्षं वाया जातात.

दुसरा प्रश्न वेळेचा. पहाटे शिट्टी, सराव, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा सराव, रात्री वसतिगृहाची फेरी. क्वार्टर कॅम्पसमध्येच असली की ड्युटी संपत नाही. बारा वर्षांचं पोरगं रात्री आईच्या आठवणीने रडतं, तेव्हा दार तुमचंच वाजतं. गुडघा दुखत असताना 'काही नाही सर' म्हणणारं मूलही तुम्हालाच ओळखावं लागतं. 'राहणं-जेवण मोफत'चा हिशेब बऱ्याचदा इथे चुकता होतो. म्हणून आठवड्याची सुट्टी, पीएफ, करार किती महिन्यांचा, वॉर्डन आणि फिजिओ वेगळे आहेत का, हे सगळं लेखी मागा. लाजू नका!

तिसरा प्रश्न सगळ्यात गंभीर. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर इथे काय करतात? २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. 'संस्थेचं नाव खराब होईल, आत मिटवू' असं कुणी म्हणालं, तर अडकाल तुम्हीही.

मग जाऊच नये का? जा की! चांगलं मैदान, फिजिओ, व्हिडिओवर चुका दाखवायची सोय, खेळाडूचा आहार या गोष्टी तिथे जवळून शिकायला मिळतात. फक्त महागड्या भिंतींआडच चॅम्पियन घडतात, असं समजू नका. आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माईक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता. साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली शिकलेली अदिती स्वामी १७ व्या वर्षी बर्लिनमध्ये जगज्जेती झाली. दोन्हीकडे नेम लागला तो रोजच्या सरावाने आणि खरं बोलणाऱ्या प्रशिक्षकामुळे.

त्या शाळेची फी तुमच्या स्वतःच्या भावंडाला कदाचित कधीच परवडणार नाही. पण तिथे दोन-तीन वर्षांत जे शिकाल, ते तुमचंच असेल. सुट्टीत नांदुऱ्याला आलात की सकाळी सहाला मैदानावर चार पोरं गोळा करा. त्यांना शिकवायला कुणाची परवानगी लागत नाही.